पाठकोरी पानं

विजयदुर्गच्या बंदर कचेरीत अंकुशकाका
पाण्याची नोंद ठेवायचे: वेळ, फूट, इंच, सही.
रद्दीत निघालेल्या वह्यांची पाठकोरी पानं
घरी आणून सुतळीनं शिवत,
आणि जेवणं झाली की चिमणी पुढ्यात ओढून
इंग्रजांचं आरमार वाचवायला बसत.

मी तेव्हा चौथीत. झेंडावंदनाला पहिल्या रांगेत.
मला लाज वाटायची.

पान चार. बावीस सालचा तह होतच नाही.
लढाऊ जहाजं मोडीत निघत नाहीत,
गोद्यांमधले हातोडे थांबत नाहीत.
पान नऊ. जपानशी दोस्ती तुटत नाही;
त्यांचा वकील लंडनात चहा पितो,
साखर किती, एवढाच वाद.
पान सतरा. ते विमानं वाहणारं जहाज
कुठल्याशा बेटापाशी खडकावर चढलं होतं ना,
काका त्याला पेन्सिलीनं अलगद उतरवत,
गाबतानं रेतीवरून होडी सोडावी तसं, खांदा लावून.
मग ते वेळेवर सिंगापूरला पोचे.

एडनपर्यंतचं पाणी पाहिलेले मजीद सारंग
एकदा पडवीत बसून म्हणाले,
"अंकुशा, गोरो गेलो. तेचा आरमार तू कित्या राखतंस?
पगार कोण देता तुका?"
लोक हसले. काका पेन्सिलीला टोक काढत राहिले.
"गोरो गेलो, ता बरा झाला.
माका आरमार नको. माका एक बोट होयी.
बेचाळीसच्या फेब्रुवारीत सिंगापुरातसून सुटलेली.
तिच्या भट्टीर लवू होतो."

लवू-अंकुश. जुळे.
मुंबईत दोघांनी कोळसा ओढायला नाव लावलं.
डॉक्टरनं अंकुशच्या छातीला नळी लावली, मान हलवली.
म्हणून हा इथे, खांबावरची उंची वाचत.
आणि तो.

भट्टीवरचा एक माणूस वर काढायचा
तर त्याच्या डोक्यावरचा डेक राखावा लागतो,
डेकवरची तोफ, तोफेमागचा साहेब,
साहेबामागे निम्मी पृथ्वी.
एकटा निघत नाही तो.
मी विचारलं, "मग त्या पानात आपण स्वतंत्र?"
काकांनी पान उलटलं. मागे छापील रकाना,
ओहोटी, दोन फूट चार इंच.
"थंय माझो हिशेब चुकता," म्हणाले,
आणि चिमणीची काजळी पुसत बसले.

पुढे पुढे ते मागे मागे गेले.
एका आषाढात याच खाडीत येऊन ठेपले,
सतराशे छप्पन्न, आंग्र्यांची गलबतं जळाली तिथे.
वारा फिरवून पाहिला. ठिणगी पाण्यात पडते.
गुराबा वाचतात, गिर्येच्या गोदीत नव्या बांधल्या जातात,
गोऱ्याची बोट इथवर येतच नाही,
मग सिंगापूर नाही, भट्टी नाही.
दोन दिवस काका खुशीत. मोरीचं तिखलं करायला लावलं.
तिसऱ्या दिवशी त्या पानावर आडवी काट:
आरमार म्हटलं की तळाला कोणीतरी लागतोच.
लवू मग गुराबेच्या तळाला, वल्ह्यावर.

वही आता माझ्याकडे आहे. कसर लागली आहे,
सुतळीला अजून सुक्या बांगड्याचा वास.
शेवटच्या पानावर तह नाही, जहाज नाही, राजा नाही.
मुंबईतली एक खोली. बाकावर दोघे, उघडे, सारखे.
डॉक्टरला घाई आहे. तो नळी लावतो
आणि चिठ्ठी भलत्याच्या हातात देतो.

खाली दोन ओळी सोडून, कचेरीतल्यासारख्या
जपून काढलेल्या अक्षरात:
भरती. पहाटे पाच दहा. सात फूट एक इंच.
वारा नाही.
सही, ल. खवणेकर.